लाडकी मुलं आणि वर्गातली वाटणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातवीचा वर्ग, पटावर ४८ मुलं. पालकसभेत तीन पालकांनी सांगितलं की बाई ठरावीक चार-पाच मुलांनाच विचारतात, कौतुकही त्यांचंच करतात. बाईंना हे मान्य नाही. सगळी मुलं आपल्याला सारखीच, असं त्या म्हणतात. पक्षपात खरंच होतो आहे का हे कसं ओळखायचं, त्याने मुलांचं काय होतं आणि आता काय करायचं, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे.

‘सगळी मुलं मला सारखीच’ हे वाक्य आधी बाजूला ठेवा. ते खोटं आहे असं नाही, पण त्याचा उपयोग नाही. ४८ जणांत काही मुलं जास्त आवडणारच. तुमच्या मनात काय आहे हे मुलांना दिसत नाही. त्यांना दिसते ती वाटणी: बाईंनी कोणाला विचारलं, कोणाच्या उत्तरासाठी थांबल्या, चुकल्यावर कोणाला ‘पुन्हा बघ’ म्हणाल्या आणि कोणाला नुसतं ‘बस’, स्टाफरूममधून हजेरीपट आणायला कोणाला पाठवलं. ही वाटणी मोजता येते, म्हणून वाद घालण्याआधी मोजा.

मोजण्यासाठी आसनव्यवस्थेचा नकाशा काढा. एका कागदावर बाकांची चौकट, प्रत्येक चौकोनात मुलाचं नाव, आणि अशा पाच प्रती. एका आठवड्यात पाच तासिका निवडा, पण सगळ्या पहिल्या तासाच्या नकोत. एक तरी मधल्या सुट्टीनंतरची हवी, कारण शिक्षक दमला की ओळखीच्या हातांकडे वळतो. नोंद समांतर तुकडीच्या सहकाऱ्याकडून करवून घ्या. वर्गातल्या मुलाला हे काम देऊ नका, तो मॉनिटर असला तरी. सहकारी मिळत नसेल तर मुख्याध्यापकांना सांगून फक्त आवाज ध्वनिमुद्रित करा, घरी ऐकून नकाशा भरा आणि ध्वनिमुद्रण पुसून टाका.

खुणा पाचच पुरेत. नाव घेऊन प्रश्न विचारला की टिंब. उत्तर बरोबर आल्यावर कौतुक केलं की टिंबाभोवती गोल. उत्तर चुकल्यावर इशारा दिला, प्रश्न सोपा करून पुन्हा विचारला, तर बाण. चुकल्यावर लगेच दुसऱ्याकडे गेलात तर फुली. वर्तनावरून टोकलंत तर आडवी रेघ. पाच तासिकांनंतर पाचही कागद शेजारी ठेवून बघा. टिंबांपेक्षा बाण आणि फुल्या जास्त बोलतात. जेरे ब्रोफी आणि थॉमस गुड यांनी अमेरिकेत पहिलीच्या चार वर्गांत असंच निरीक्षण केलं होतं, ते १९७० साली प्रसिद्ध झालं. शिक्षकांना ज्यांच्याकडून अपेक्षा जास्त, त्यांच्या बरोबर उत्तराचं कौतुक जास्त वेळा होत होतं, आणि चूक झाली तर शिक्षक त्यांच्यापाशी थांबत होते. कमी अपेक्षेच्या मुलांचं उत्तर चुकलं की शिक्षक स्वतः उत्तर सांगून टाकत किंवा दुसऱ्याला उभं करत.

आता थोडा हिशोब. ३५ मिनिटांच्या तासिकेत नाव घेऊन विचारलेले प्रश्न समजा २० होतात. ४८ मुलांत सरळ वाटले तर प्रत्येकाची पाळी अडीच दिवसांत येते. त्यातले १२ प्रश्न पाच जणांकडे गेले तर उरलेल्या ४३ जणांच्या वाट्याला ८ राहतात, म्हणजे पाळी सहाव्या दिवशी. आठवडाभर आपल्याला कोणी विचारणार नाही हे ज्या मुलाला अनुभवाने कळलेलं असतं, ते तास सुरू झाल्यावर तासात नसतंच. पालक ज्याला ‘लक्ष नसतं त्याचं’ म्हणतात, त्यातलं बरंचसं इथून येतं.

यात नेहमीच आवड-नावड असते असं नाही. काही वेळा दोष बाकांचा असतो. पारंपरिक रांगांच्या वर्गात शिक्षकाशी बोलणं पहिल्या रांगेत आणि मधल्या ओळीत एकवटतं; वरून पाहिलं तर इंग्रजी टी अक्षरासारखा आकार दिसतो. नकाशावरची टिंबं अशी पडली असतील तर आधी मुलांच्या जागा बदला. दर सोमवारी प्रत्येक रांग एक बाक मागे आणि शेवटची पुढे, शिवाय पंधरवड्याने डावी-उजवी अदलाबदल. जाड चष्म्याचं मूल किंवा कमी ऐकू येणारं मूल पुढेच राहील. मग पुन्हा मोजा. जागा बदलूनही टिंबं त्याच पाच नावांच्या मागे फिरली, तर मात्र पालकांचं म्हणणं खरं आहे.

मुलांना हे कळत नाही असं वाटत असेल तर तो गैरसमज आहे. इस्रायलमधले संशोधक एलिशा बाबाद यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला, १९९१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. शिक्षकांच्या दहा-दहा सेकंदांच्या चित्रफिती मुलांना दाखवल्या. पडद्यावर फक्त शिक्षक. विद्यार्थी दिसत नाही. हा शिक्षक हुशार मुलाबद्दल बोलतो आहे की कच्च्या, हे चौथीतल्या मुलांनीही ओळखलं. चेहरा आणि आवाजाची पट्टी फितूर होते. म्हणूनच ‘मनातून पक्षपात काढून टाका’ हा सल्ला फारसा कामाचा नाही. मन लवकर बदलत नाही, वाटणीची पद्धत मात्र सोमवारपासून बदलता येते.

परिणामांबद्दल बोलताना एका जुन्या प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा हा प्रयोग कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत झाला आणि १९६८ साली प्रसिद्ध झाला. साधारण २० टक्के मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि शिक्षकांना सांगितलं की ही यंदा झेप घेणार आहेत. वर्षाअखेर त्यांचे बुद्धिमापन गुण जास्त वाढले. प्रशिक्षणात ही गोष्ट इथेच थांबवतात. पुढचं असं, की फरक प्रामुख्याने पहिली-दुसरीत दिसला, मापनपद्धतीवर तेव्हाच टीका झाली, आणि नंतरच्या संशोधनांचा आढावा घेतला तर सरासरी परिणाम लहान निघतो. शिक्षकांचा मुलांबद्दलचा अंदाज बऱ्याचदा बरोबरच असतो. पण ज्या मुलांच्या गटाकडे समाज आधीच कमी लेखून बघतो, त्यांच्यावर हाच परिणाम मोठा होतो. म्हणजे डॉक्टरांच्या मुलाकडे बाईंनी वर्षभर दुर्लक्ष केलं तर तो क्लासमध्ये भरून काढेल. ऊसतोड कामगाराच्या मुलीला दुसरं दार नाही.

आपल्याकडचे दोन अभ्यास प्रत्येक स्टाफरूममध्ये वाचले जायला हवेत. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात उघड नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं सारखीच सोडवत होती. गटासमोर नाव आणि जात पुकारली की दलित मुलांची कामगिरी घसरली. बक्षीस कोणाला, हे चिठ्ठी काढून ठरणार म्हटल्यावर मात्र हा फरक नाहीसा झाला. कोडी तीच, मुलंही तशीच. आपला न्याय माणूस करणार की चिठ्ठी, एवढाच बदल. न्याय सरळ होणार नाही असं वाटलं की मूल मेहनत आखडतं, आणि बाहेरून ते आळशी दिसतं.

दुसरा अभ्यास रेमा हॅना आणि ली लिंडेन यांचा, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर मुलाची जात मनाला येईल तशी बदलून लिहिली आणि पत्रिका शिक्षकांकडून तपासून घेतल्या. त्याच दर्जाच्या पत्रिकेवर खालची जात लिहिलेली असली की गुण किंचित कमी पडले. फरक लहान होता, पण दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. तो गठ्ठ्याच्या सुरुवातीच्या पत्रिकांत जास्त होता, म्हणजे तपासणाऱ्याच्या हाताला माप बसायच्या आधी. आणि तो मुख्यतः स्वतः त्या जातींतून आलेल्या तपासनिसांकडून झाला. तेव्हा ‘मी त्याच समाजातला, माझ्याकडून कसा होईल’ हा बचाव चालत नाही.

लाडक्या मुलाचंही नुकसान होतं; त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मधल्या सुट्टीत त्याला ‘बाईंचा चमचा’ म्हणतात, डबा खायला कोणी बोलावत नाही, आणि ते घरी सांगायचीही सोय नसते. त्याहून वाईट म्हणजे चुकायची भीती. ज्याचं प्रत्येक उत्तर ‘शाब्बास’ असतं, त्याला ‘मला समजलं नाही’ म्हणणं महाग पडतं. मग तो न समजलेलं लपवतो आणि पाठ करून वेळ मारून नेतो. आठवीत शिक्षक बदलले की तीन महिन्यांत कोसळतो, आणि घरचे नव्या सरांना दोष देतात.

आता वाटणी बदलायची कशी. वर्गात प्रश्नांसाठी आइस्क्रीमच्या ४८ काड्या, प्रत्येकीवर नाव, एका डब्यात. आधी प्रश्न, मग मनात सावकाश तीन आकडे, मग काडी. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी नाव आणि मग प्रश्न, तर उरलेले ४७ जण त्या क्षणी सुटतात. अमेरिकन शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांच्या मोजणीत शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. हा थांबा तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब येतात, ‘येत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद कागदावर काहीच नाहीत. वर्गात उभं राहिल्यावर फार लांब वाटतात. पहिले चार दिवस घड्याळ बघावंच लागेल.

काढलेली काडी परत डब्यात टाका. बाजूला ठेवली तर ज्याची पाळी झाली तो निवांत. आणि काडी काढून ‘नको, याला नाही येणार’ म्हणत दुसरी काढायचा मोह होतो. एकदा जरी तसं केलंत तरी सगळ्या वर्गाला कळतं की डबा नावाचाच आहे. उत्तर आलं नाही तर दोनच वाटा ठेवा: एक इशारा द्या, किंवा ‘विचार कर, दोन जणांनंतर तुझ्याकडे परत येते’ म्हणा आणि खरंच परत या. परत न येणं हा या पद्धतीतला सगळ्यात नेहमीचा घोटाळा आहे. वर केलेले हात पूर्ण बंद करू नका. २० पैकी पाच-सहा प्रश्न हातांसाठी ठेवा, नाहीतर उत्साही मुलांना शिक्षा झाल्यासारखं होतं.

पेपर तपासताना मुलगा-मुलगा न तपासता प्रश्न-प्रश्न तपासा. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठा पिसून सगळ्यांचा दुसरा. पहिल्या उत्तराची छाप पाचव्यावर पडते ती याने तुटते. नाव असलेला कोपरा दुमडून पिन लावा. सातवीच्या बाई अक्षर ओळखतात, त्यामुळे दुमडण्याने सगळं झाकत नाही. म्हणून दीर्घोत्तरी प्रश्न समांतर तुकडीच्या शिक्षकाशी बदलून तपासा. नमुना उत्तर आणि मुद्द्यांचे गुण तपासणीच्या आधी लिहा; पहिली हुशार पत्रिका बघून ठरवले तर तीच माप होते. आणि गठ्ठ्यातल्या पहिल्या सहा पत्रिका शेवटी पुन्हा तपासा. कारण वर आलंच आहे.

तरीही लेखी परीक्षेत पक्षपाताला जागा कमी आहे. खरी जागा आकारिक मूल्यमापनात, म्हणजे सत्रभर वर्गातल्या कामावरून केलेल्या मूल्यमापनात. सातत्यपूर्ण सर्वंकष पद्धतीत सातवीला आकारिकचा भार ४० टक्के, आणि दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रकल्प ही साधनं सगळी शिक्षकाच्या नजरेवर. सत्राच्या शेवटच्या दोन रात्रींत नोंदवही भरली की आठवणीवर भरली जाते, आणि आठवणीत राहतात लाडकी आणि द्वाड. मधली तीस मुलं कोरीच. रोज पाच मुलांच्या नोंदी ठेवा. दहा कामाच्या दिवसांत वर्ग पूर्ण होतो. मग वर्णनात्मक नोंदी नावं झाकून वाचा. काही नोंदींत विशेषणं असतील, ‘हुशार आहे, चुणचुणीत आहे, नेतृत्वगुण आहेत’. काहींत नुसतं ‘प्रयत्न करावेत’, ‘लक्ष द्यावे’. नाव न बघता लाडकं कोण हे सांगता आलं तर त्या नोंदी नव्याने लिहा, आणि मुलाने काय केलं ते लिहा: ‘अपूर्णांकांची बेरीज छेद समान करून करतो, वजाबाकीत हातचा विसरतो.’ अशी नोंद लाडक्याची आणि नावडत्याची सारखीच दिसते, आणि पालकांच्याही कामाची असते.

कामांची वाटणी किरकोळ समजू नका. परिपाठात सूत्रसंचालन, स्नेहसंमेलनात पुढची रांग, पाहुण्यांना पुष्पगुच्छ, वह्या गोळा करणं, फळा पुसणं यांचा महिन्याचा तक्ता भिंतीवर लावा, क्रम हजेरीपटाचा. मॉनिटर दर पंधरवड्याला बदला, आणि ‘बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही’ हे काम त्याच्याकडून काढून घ्या. त्यातून चहाडी आणि लाच, दोन्ही शिकतात. तक्ता लावल्यावर एक गोष्ट मुद्दाम तपासा: झाडू कोणाच्या हातात जातो, पाहुण्यांसाठी पाणी कोण आणतं, रांगोळीला फक्त मुली आणि बाक उचलायला फक्त मुलगे असं आहे का. जातीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून कामं ठरत असतील तर तो पक्षपाताच्या पुढचा गुन्हा आहे, आणि आसननकाशाने त्याची बोळवण होत नाही.

भेटवस्तूंचा नियम गुरुपौर्णिमेच्या आणि ५ सप्टेंबरच्या आधीच सांगून टाका: फूल किंवा हाताने केलेलं कार्ड, बाकी काही नाही. खासगी शिकवणी हा तर चर्चेचा विषयच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. ज्या शिक्षकाच्या घरी वर्गातली सहा मुलं संध्याकाळी बसतात, त्याने सकाळी कितीही काड्या काढल्या तरी विश्वास बसणार नाही.

सुधारताना बहुतेक जण दोन चुका करतात. एक, लाडक्याला सगळ्यांसमोर तोडणं: ‘आता तुझं पुरे, दुसऱ्यांना बोलू दे.’ त्याने काही मागितलं नव्हतं. तुम्ही दिलं होतं. आधी दोन मिनिटं बाजूला घेऊन सांगा की आता सगळ्यांची पाळी येईल, आणि त्याला जरा अवघड असं काम द्या ज्यात चुकायला वाव आहे. दोन, वर्षभर गप्प बसलेल्या मुलीला एकदम उभं करून अवघड प्रश्न टाकणं. तिला ती शिक्षाच वाटते. पहिले दोन आठवडे तिची काडी निघाली तर शेजारणीशी बोलून मग उत्तर द्यायची मुभा द्या.

सारखी वाटणी म्हणजे सगळ्यांना तेवढंच असंही नाही. वाचनाची अडचण असलेल्या मुलाला जादा वेळ देणं, कालच दवाखान्यातून आलेल्या मुलाला गृहपाठाची सूट देणं हा पक्षपात नव्हे. पण कारण न सांगता सूट दिली तर वर्गाला तो पक्षपातच दिसतो. आजाराचा तपशील सांगायची गरज नाही. ‘ज्याला गरज असेल त्याला वेळ मिळेल, तुम्हालाही मिळेल’ एवढं सांगा, आणि तसं वागा. स्वतःचं मूल आपल्याच वर्गात असेल तर तुकडी बदलून मागणं सगळ्यांत बरं. छोट्या शाळेत ते जमत नाही. तिथे निदान त्याचे पेपर दुसऱ्याकडे द्या. शिक्षकांची मुलं बहुधा उलट्या पक्षपाताला बळी पडतात, इतरांपेक्षा जास्त बोलणी खातात.

पालकांसाठीही थोडं. ‘बाई पक्षपात करतात’ या वाक्याला उत्तर देता येत नाही. तारीख, तास, काय झालं, मूल काय म्हणालं, अशा तीन-चार नोंदी घेऊन आधी वर्गशिक्षकांना एकट्यात भेटा. फरक पडला नाही तर मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघ. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित असतो. पुढे अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. मारणं आणि मानसिक छळ कलम १७ ने बंद आहे. तसं काही झालं असेल, किंवा जातीवरून बोललं गेलं असेल, तर पायऱ्या मोजत बसू नका, पहिल्याच दिवशी लेखी द्या.

राहिली पुढची पालकसभा. तिथे ‘माझ्या मनात तसं काही नाही’ म्हणू नका. ‘मी पाच तासिका मोजल्या, प्रश्न खरंच थोड्या मुलांकडे जात होते, आता असं असं केलं आहे’ हे सांगायला दोन मिनिटं लागतात. तीन पालकांपैकी निदान एकाला हे कबुलीजबाबासारखं वाटेल आणि तो आवाज चढवेल, त्याची तयारी ठेवा. पूर्ण नकाशा कोणालाही दाखवू नका, त्यात इतरांची मुलं आहेत. प्रत्येकाला त्याच्याच मुलाची ओळ दाखवा: आधी किती वेळा विचारलं, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मोजणीत किती वेळा.